मांडीवर न येणारी मांजर

टिपणीस पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी पलंगाखाली होतो. वय एकोणपन्नास, वजन ब्याऐंशी किलो, एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा बाप. डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली होती आणि लॅबने सकाळी सहा चाळीसला घरी रक्त काढायला माणूस पाठवला होता. पलंगाखालून मला त्या माणसाची फक्त चप्पल आणि पेटी दिसत होती. पेटीत बैलाला वेसण घालायची सुई, गुरांच्या दवाखान्यातली पिचकारी आणि अडचण आलीच तर एखादी छोटी करवत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी मनातल्या मनात मृत्युपत्र केलं आणि लॉकरची किल्ली कुठे आहे ते बायकोला ओरडून सांगितलं.

"किल्ली माझ्याकडेच असते," ती म्हणाली. "बाहेर ये. माणूस खोळंबलाय."

पण तो माणूस खोळंबला नव्हताच. त्याने खुर्ची ओढली, दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत बसला. सात मिनिटं. शेवटी मलाच लाज वाटली. बाहेर आलो, बाही वर केली, मान पंख्याकडे वळवली आणि म्हणालो, "काढा."

काही झालं नाही.

"अहो, काढा ना!"

"हात अजून तयार नाहीये."

"मी तयार आहे!"

"तुम्ही आहात हो. हात नाहीये. मूठ बघा." मग म्हणाले, "आपल्या लिफ्टचं काय झालं?"

लिफ्ट हा माझा जिव्हाळ्याचा विषय. मी सेक्रेटरीच्या सात पिढ्यांपर्यंत पोचलो, तोवर ते कापूस दाबून धरत म्हणाले, "झालं."

"काय झालं?"

"रक्त काढून झालं."

'आपल्या' लिफ्टचं म्हणजे? तेव्हा कळलं की हे श्यामकांत टिपणीस आमच्याच सी विंगमध्ये पहिल्या मजल्यावर अकरा वर्षं राहत होते आणि मी त्यांना ओळखत नव्हतो. यात माझा दोष थोडा, त्यांचा जास्त. मुलुंडच्या एका इस्पितळात त्यांनी चौतीस वर्षं लोकांचं रक्त काढलं, आणि निवृत्त झाल्यावर लॅबसाठी घरोघरी जाऊन काढत होते. अर्ध्या मुलुंडला त्यांनी सुई टोचली असेल, पण काळानिळा डाग कुणाच्या हातावर नाही. सोसायटीत मात्र त्यांच्यासारखा बिनउपयोगी माणूस नव्हता. गणपतीत कुणाच्या पाठीवर थाप नाही, दिवाळीत गळाभेट नाही. दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवली की चार पावलं मागे सरकून उभे राहायचे. आतल्याला वाटायचं, पोरं बेल वाजवून पळाली. स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरतानाही विचारायचे, "कुंदा, येऊ का?"

"नको, तिथेच उभे राहा पस्तीस वर्षं," कुंदावहिनी आतून म्हणायच्या.

वहिनी बरोबर उलट्या. हाताला लागेल ते उचलून छातीशी धरायचं, ही त्यांची रीत. भाजीवालीचं पोर, कुणाचा कुत्रा, बाजारातला मोठा फणस, सगळ्यांना सारखंच प्रेम. इमारतीतल्या बायका हसून आपापली पोरं त्यांच्या हातातून परत घेत. त्यांना मूल नव्हतं. या विषयावर ते दोघं कुणाशी बोलले नाहीत, त्यामुळे बाकीचे सगळे बोलायचे.

मांजर आली ती एका बुधवारी, सोडे परतण्याच्या वासावर, गॅलरीतून. काळ्या-तपकिरी पट्ट्यांची, एक कान फाटलेला. वहिनींनी "अगं माझी बाय ती!" म्हणून उचललं आणि मांजर त्यांच्या खांद्यावरून फ्रिजवर, फ्रिजवरून पडद्यावर आणि पडदा घेऊन खाली आली. वहिनी रडकुंडीला आल्या. टिपणीस मात्र खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. त्यांचं आयुष्यभराचं काम घरी चालून आलं होतं.

पंधरा दिवसांत मांजर त्यांच्या पायाशी, महिन्यात मांडीवर.

तिथून खरा प्रश्न उभा राहिला. वहिनींना ती आपल्या मांडीवर हवी होती. साड्या नकोत, काशीयात्रा नको. मांजरीने एकदा आपणहून येऊन मांडीवर बसावं, एवढंच. आणि मांजर त्यांना पाहिलं की सोफ्याखाली जायची.

"तुमच्याकडे बरी येते," वहिनी म्हणाल्या. "मी काय तिला खाणार आहे?"

"तिला कुठे माहितीये ते?" टिपणीस म्हणाले. "तू विचारत नाहीस. थेट उचलतेस."

"मांजरीला काय अर्ज करू?"

"हो."

मग शिकवणी सुरू झाली. मी रोज संध्याकाळी चहाला जायचो, कारण असा करमणुकीचा कार्यक्रम मुलुंडमध्ये दुसरीकडे कुठे नव्हता. पासष्टीचा माणूस साठीच्या बायकोला मांजरीची भाषा शिकवतोय! एक बोट पुढे करायचं, मांजरीच्या नाकाच्या उंचीवर, आणि थांबायचं. तिने गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली दोन-तीनदा हात फिरवायचा आणि आपणच थांबायचं. पुन्हा गाल पुढे आला तर पुढे चालू. शेपटीचं टोक फटफटलं, पाठीवरची कातडी थरथरली, कान आडवे झाले, तर हात परत.

"आणि ती उताणी होऊन पोट दाखवते तेव्हा?" मी विचारलं. "तेव्हा तर बोलावतेच ना?"

"तुम्ही घरात बनियनवर बसता," टिपणीस म्हणाले. "कुणी गुदगुल्या कराव्यात म्हणून बसता का?"

खेळाचेही नियम होते. बोटं नाचवायची नाहीत; बोट हे खेळणं आहे असं तिला एकदा वाटलं की मग ओरखड्याची तक्रार करायची नाही. वहिनींच्या परकराची जुनी नाडी उंदरासारखी सोफ्यामागून पळवायची. आणि शेवटी तिला पकडू द्यायची. वहिनींना हे पटायचं नाही. त्या नाडी उंच उंच धरून हसायच्या, मांजर उड्या मारून थकायची आणि तोंड फिरवून निघून जायची.

"रुसली बघा," वहिनी म्हणायच्या.

"रुसली नाही. तू तिला दर वेळी हरवतेस. कोण खेळेल तुझ्याशी?"

वहिनी शिकल्या. आठ महिने लागले, पण शिकल्या. ज्या बाईने आयुष्यात कधी कशाची वाट पाहिली नसेल असं मला वाटायचं, ती बोट पुढे करून दहा-दहा मिनिटं श्वास रोखून बसायची. नाडी पकडू द्यायची, वर बांगड्याचा तुकडा द्यायची. मांजरीने लांबून डोळे सावकाश मिटले की आपणही सावकाश मिटायची. एका रविवारी मी चहाचा कप तोंडाला लावला होता, तेव्हा मांजर सोफ्यावर चढली आणि तिने पुढचे दोन पाय वहिनींच्या मांडीवर ठेवले. फक्त पुढचे दोन. मागचे सोफ्यावरच. वहिनी हलल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तेही पुसलं नाही, हात हलेल म्हणून. टिपणीस कॅलेंडरकडे बघत होते, पण त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढचं माझ्यामुळे झालं.

मला विनोद केल्याशिवाय राहवत नाही. जिन्यात वहिनी भेटल्या, आनंदाने सगळं सांगू लागल्या, आणि मी म्हणालो, "वहिनी, पोर घरी येऊन वर्ष होत आलं. बारसं कधी?"

म्हटल्यावर जीभ चावली. वहिनी हसल्या नाहीत. एक पायरी खाली उतरल्या, पुन्हा वर आल्या.

"खरंच चालेल का हो?" त्या म्हणाल्या.

या बाईने पस्तीस वर्षं आजूबाजूच्या सगळ्या बारशांना हजेरी लावली होती. मागच्या रांगेत बसायचं, घुगऱ्यांची पुडी घ्यायची, नवऱ्यालाही एक मागून घ्यायची. पाळण्याची दोरी त्यांच्या हातात कुणी दिली नाही. कुणी नाही म्हणालं नव्हतं. फक्त दोरी पोचेपर्यंत कार्यक्रम संपायचा.

दोन दिवसांत बायकांच्या ग्रुपवर निमंत्रण गेलं. सगळ्यांना गंमत वाटली. तिसऱ्या मजल्यावरच्या श्वेताने आपल्या बाळाचा पाळणा दिला, कुंचीही दिली. विद्वांस काकू म्हणाल्या, "आत्या मी होणार." वहिनींनी चार किलो चणे भिजवले, सुंठवडा केला.

टिपणीस माझ्याकडे वर आले. बेल वाजवली, चार पावलं मागे उभे राहिले.

"तुम्ही तिला सांगा," म्हणाले. "मांजरीला नाही झेपणार. वीस बायका, पाळणा, टोपी. एवढं सगळं तिने मागितलं नाहीये."

"तुम्ही सांगा की. तुमची बायको आहे."

"तिने मागितलंय ना," टिपणीस म्हणाले आणि खाली गेले.

मी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला ते बारसं बघायचं होतं.

बारसं झालं. पहिल्या मजल्यावरच्या त्या दीड खोलीत बावीस बायका. वहिनी पैठणी नेसलेल्या, केसांत अबोलीचा गजरा. मी आणि टिपणीस स्वयंपाकघराच्या दारात. वहिनींनी मांजरीला सोफ्याखालून ओढून काढलं. बोट पुढे केलं नाही, थांबल्या नाहीत. कुंची बांधली, पाळण्यात ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. बायका हसत होत्या, फोन वर करून व्हिडिओ काढत होत्या. कुंचीतून मांजरीचे डोळे फक्त काळेभोर दिसत होते.

"कुंदा, हात काढ," टिपणीस म्हणाले. या माणसाला आवाज मोठा करायची सवयच नव्हती. कुणाला ऐकू गेलं नाही.

"नाव काय, नाव?" विद्वांस काकूंनी विचारलं.

"मधुवंती," वहिनी म्हणाल्या.

आम्ही सगळे गमतीत मनी, चिंगी, असलं काहीतरी धरून बसलो होतो. हे नाव मांजरीसाठी सुचलेलं नव्हतं. ते फार वर्षं जपून ठेवलेलं होतं, हे बावीस बायकांना एकाच वेळी कळलं आणि ते झाकायला सगळ्या एकदम जोरात हसल्या. विद्वांस काकू वाकल्या, फाटक्या कानाशी तोंड नेऊन "कुर्र्र" केलं आणि रिवाजाप्रमाणे मागच्यांनी त्यांच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. काकू पाळण्यावर कोसळल्या.

पुढचं फार थोडा वेळ चाललं. वहिनींच्या मनगटापासून कोपरापर्यंत तीन ओळी उमटल्या, पैठणीवर रक्त आलं, पाळणा कलंडला, घुगऱ्या खोलीभर झाल्या आणि मांजर कुंचीसकट माळ्यावर गेली. टिपणिसांनी वहिनींचा हात पंधरा मिनिटं नळाखाली साबणाने धुतला. बायका चपला शोधू लागल्या. जिन्यात कुणीतरी म्हणालं, "तिच्या मांडीला काही लाभतच नाही, काय करणार." हळू म्हणालं, पण जिना अरुंद होता आणि दार उघडं होतं.

इस्पितळात रिक्षातून मीच सोबत गेलो. कुत्र्या-मांजराच्या इंजेक्शनांचा कोर्स लिहून दिला. परत येताना टिपणीस म्हणाले, "चूक माझी. मी आधीच थांबवायला हवं होतं."

"तुमची कसली?" वहिनी बाहेर बघत म्हणाल्या. "मला कळत होतं. कान आडवे होते, कातडी थरथरत होती, सगळं हाताला लागत होतं. तुम्हीच शिकवलंत. कळत होतं तरी मी सोडलं नाही. मला एकदा धरायचं होतं, बस."

नवघर रोडला उतरलो तेव्हा रिक्षाचे पैसे मी दिले.

मांजर दोन दिवसांनी माळ्यावरून उतरली. वहिनींनी तिला हाकललं नाही. बशी वेळेवर भरायच्या, ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. बोट पुन्हा कधी पुढे केलं नाही. टिपणिसांनी सांगून पाहिलं, "सुरुवातीपासून करू. येईल. वर्ष लागेल, पण येईल." वहिनी म्हणाल्या, "मला नकोय आता." ते खोटं होतं. मांजर खोलीत आली की त्यांच्या हातातलं काम थांबायचं.

महिन्याभराने मांजर टिपणिसांच्या पायाला गाल घासू लागली. मी होतो तिथे. तिने उडी मारायला अंग आखडलं, आणि टिपणीस उठले.

"अहो, बसू द्या ना तिला," वहिनी म्हणाल्या.

"पाणी पितो जरा."

मांजर पुन्हा आली, ते पुन्हा उठले. त्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे जितक्या संध्याकाळी गेलो, तितक्या संध्याकाळी ते सात-आठ ग्लास पाणी प्यायले. ज्या माणसाने जन्मभर समोरच्याच्या होकाराची वाट पाहिली, तो आता आलेला होकार रोज स्वयंपाकघरात नेऊन बुडवत होता. मी एकदा म्हणालो, "टिपणीस, अशाने मुतखडा तरी होणार नाही." कुणी हसलं नाही. हल्ली मी त्यांच्याकडे गेलो की चहा मिळतो, पण वहिनी समोर बसत नाहीत. त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर मांजर यायची बंद झाली. ती तळमजल्यावर निलेशच्या झेरॉक्सच्या दुकानात असते. दिवसभर मशीनवर झोपते, कारण मशीन गरम असतं.