शिंपीणकाकूच्या सशांच्या कॉलरी

आमच्या काकूला सगळी गल्ली शिंपीणकाकू म्हणते. शर्टाची कॉलर शिवावी तर तिनंच. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती खाटकाला द्यायचे ससे पाळते. त्या शेडवर तिच्या दिराचा डोळा. त्याला तिथं स्कूटर लावायची होती.

"वहिनी, ह्या खेपेतलं एक जरी पिल्लू खाटकानं हलकं म्हणून परत केलं, तर पिंजरे हलवायचे. ठरलं?"

"ठरलं," म्हणत काकूनं दातानं दोरा तोडला.

पिल्लांचं आईचं दूध नुकतंच तुटलं होतं. वाळलं गवत कायम समोर, वर मूठमूठ गोळी खाद्य. एका सकाळी काकू बघते तर एक पिल्लू मान पोटाशी वळवून आपल्याच शेपटीखालून काहीतरी गट्ट करतंय. शेजारचंही तेच!

"शी! घरात खायला कमी पडलं का रे?"

काकूला घाण म्हणून खपत नाही. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते बकरम तिनं कापलं आणि एकेकाला कॉलर शिवून घातली. मान मागं वळेना, भांड्यातलं मात्र खाता येई.

"लग्नाला निघालेत काय?" दीर म्हणाला.

पिल्लं स्वच्छ राहिली, पण अंग धरेनात. पाठीचे मणके हाताला शिवणीसारखे लागायचे. काकूनं धान्याचा भरडा वाढवला, तर पोटं फुगून पातळ हगायला लागली. भरडा बंद केला, गवत वाढवलं. पोटं बसली, पण मांस काही चढेना.

एकटा कानतुट्या तेवढा गुबगुबीत. काकूनं उचलून पाहिलं, तर कॉलर कुरतडून टाकलेली. मग ती स्टूल टाकून त्याच्यासमोर बसली. तो शेपटीखालून येणाऱ्या मऊ, चकचकीत गोळ्या खाली पडू न देता थेट तोंडात घेत होता, आणि खाली पडलेल्या कडक लेंड्यांना तोंडही लावत नव्हता.

"अहो, लेंड्या दोन जातीच्या!" ती काकांकडं धावली. "म्हैस रवंथ करते ना, तसं ह्यांचं मागच्या दारानं!"

"चहा तरी पोटात जाऊ दे गं," काका म्हणाले.

कॉलरी निघाल्या. फक्त दोघांच्या तिनं मुद्दाम ठेवल्या. चारा सगळ्यांना सारखाच.

बाकीची बघता बघता भरली. खाटकानं एकेकाची पाठ चाचपून सगळी घेतली. कॉलरवाली ती दोन तेवढी खाली ठेवली.

"ही काय, नुसती कातडी."

"परत केली ना?" दीर टपूनच होता.

"केली. लाव तुझी स्कूटर."

पिंजरे दुकानात, कापायच्या टेबलाखाली आले. काका इस्त्री करता करता पुटपुटले, "त्या दोन कॉलरी आधीच काढल्या असत्यास तर शेड राहिली असती."

"मग कळलं कसं असतं?" काकू म्हणाली, आणि कॉलरी काढलेली ती दोघं आता मान वळवतात का, ते बघायला टेबलाखाली वाकली.