जोडरोबोचे पाय

कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली आणि मी पुण्याची खोली सोडून जळकोटला परत आले. गावात मला एकाच गोष्टीची चुटपुट लागून राहिली, ती आमच्या शनिवारच्या खेळाची. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, एकानं गोष्ट सांगत न्यायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. "मी आता असं करतो" म्हणायचं आणि ते जमलं की फसलं, हे फाशांनी ठरवायचं. आमच्या खेळात पात्रं म्हणजे रोबो होते. पुण्यात मी सहा वर्षं हा खेळ खेळले. निघताना मित्रांनी त्याचं नियमांचं पुस्तक आणि फाशांची पिशवी मला भेट दिली होती.

दोन-तीन महिने ते पुस्तक नुसतं पडून होतं. मग एका रविवारी वहिनीला बसवलं. माझ्या भावाची बायको बारावीपर्यंत शिकलेली, पण गोष्ट सांगण्यात माझ्यापेक्षा हुशार. तिनं हायस्कूलच्या गणिताच्या सरांना आणलं, सरांनी नळदुर्गच्या एका मेडिकलवाल्याला आणलं. वडिलांचं फवारणी पंपांचं आणि ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, त्याच्या माडीवर आम्ही दर रविवारी दुपारी जमू लागलो. पुस्तक इंग्रजीत होतं, मी वाचून मराठीत सांगायची.

चौथा खेळाडू आपला आपण आला. आमच्या दुकानाचा टेम्पो चालवणारे मामा. नात्यानं मामा नव्हेत, पण मी लहान असल्यापासून त्यांना मामाच म्हणते. पन्नाशीचे, मेंढपाळाच्या घरातले. तरुणपणी मेंढरं घेऊन पार कर्नाटकात जायचे, मग गुडघा दुखावला आणि टेम्पोवर आले. एकदा माडीवर नळ्यांची बंडलं ठेवायला आले आणि दारातच थांबले.

"काय खेळायलात ताई एवढं?"

मी सांगितलं. त्यांनी खांद्यावरचं बंडल खाली ठेवलं आणि दोन तास जागचे हलले नाहीत. पुढच्या रविवारी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून आले. मी त्यांच्यापुढं कोरा कागद ठेवला आणि विचारलं, "मामा, तुमचा रोबो कसा?"

"एडक्यासारखा. चार पायाचा. वजनाला तगडा, डोक्यानं कमी," असं म्हणून त्यांनी पेन्सिलीनं लोखंडाचा एडका काढला. शिंगं इतकी सुरेख काढली की मेडिकलवाले म्हणाले, "मामा, माझा पण काढून द्या."

पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याच्या मित्रांनी मला त्या खेळाचा नवा भाग पाठवला. सर त्याला 'पुरवणी' म्हणायचे, परीक्षेत लागते तशी. पुरवणीत एकच मोठी गोष्ट होती. सगळ्यांचे रोबो एकमेकांना जोडून एक प्रचंड रोबो करता यायचा. एकानं डोकं व्हायचं, एकानं धड, एकानं हात, एकानं पाय. आम्ही त्याला जोडरोबो म्हणायला लागलो. जोडल्यावर एकाला लागलं की सगळ्यांना लागायचं, आणि एकाच्या पाळीला बाकीचे आपले फासे त्याला देऊ शकायचे.

पाय व्हायला कुणी तयार नव्हतं. पुस्तकातच लिहिलं होतं की पायांना शस्त्र नाही. वहिनी हात झाली, सर अर्थातच डोकं, मेडिकलवाले धड. मामा म्हणाले, "ऱ्हायलेलं मला द्या."

त्या दिवशीची गोष्ट मी बोरी नदीच्या धरणावर नेली होती. खालून लोक हायवे ओलांडून पळतायत आणि वरून शत्रूचं यंत्र चालून येतंय. तिघंही हल्ल्याच्या गोष्टी करत होते, सरांनी तर कोन मोजायला घेतला होता. मामांची पाळी आली. त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "म्या उभा हाय. लोकं पार होईस्तोवर म्या हलत न्हाय. तुमी वर काय करायचं ते करा." त्यांचं बोलणं ऐकून तिघांनीही आपापले फासे त्यांच्यापुढं सरकवले. मामांनी ओंजळीत घेऊन ते टाकले. रोबो हलला नाही. आम्ही सगळे ओरडलो, खालून वडील विचारायला आले की काय पडलं.

वहिनीनं हे मोबाइलवर घेतलं होतं. मला इतका आनंद झाला होता की मी ती क्लिप लगेच पुण्याच्या ग्रुपवर टाकली. उत्तरं आली. हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे, एकाखाली एक. एकानं लिहिलं, "म्या उभा हाय!! कोण आहे हा माणूस?"

पुढचं सांगण्याआधी थोडं मागचं सांगते. पुण्यात पहिल्या वर्षी मेसमध्ये मी "भाजी लई तिखट हाय" म्हणाले होते आणि पुढं महिनाभर मला 'लई तिखट' अशी हाक मारली जात होती. ती मुलं वाईट नव्हती. पण मी आरशासमोर उभी राहून बोलायचा सराव केला आणि दिवाळीपर्यंत माझ्या बोलण्यातलं गाव धुऊन काढलं. ते हसरे चेहरे पाहिले आणि मला मेसमधली ती हाक आठवली. मी उत्तर लिहिलं, "आमचा ड्रायव्हर. टाइमपास म्हणून बसतो कधीकधी."

आमचा ड्रायव्हर. बसतो. ज्यांना मी जन्मात कधी 'अरे-तुरे' केलं नव्हतं, त्यांना. आणि मामांनी एकही रविवार चुकवला नव्हता.

श्रावणात तिघं मित्र यायचे ठरले. दोन मुलगे, एक मुलगी. सकाळी नळदुर्गचा किल्ला पाहायचा, दुपारी आमच्याकडं जेवण आणि माडीवर खेळ. मामांना हे कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "त्यांचे रोबो बी आपल्या संग जोडायचे का?" मी म्हटलं, बघू.

त्या रविवारी सकाळी मी त्यांना टेम्पोजवळ गाठलं. "मामा, तामलवाडीच्या वर्कशॉपमध्ये दोन पंप दुरुस्तीला दिलेत, ते आजच आणायचेत." जायलाच दीड तास लागतो. मामांनी माझ्याकडं पाहिलं, मग किल्ली घेतली. "व्हय. जातो की." अंगात तोच स्वच्छ सदरा होता.

पाहुणे आले, जेवले. वहिनीनं भाकरी आणि शेंगांची आमटी केली होती. माडीवर बसल्या बसल्या त्यातल्या एकानं विचारलं, "ते पायवाले कुठायत?"

"ते आज लग्नाला गेलेत," मी म्हणाले.

वहिनी पाण्याचे ग्लास ठेवत होती. श्रावणातल्या त्या दिवशी आमच्या पट्ट्यात कुणाचं लग्न नाही हे तिला माहीत होतं, आणि सकाळी टेम्पो कुठं गेला हेही. तिनं उरलेले ग्लास मांडले. मी मामांचा कागद काढला आणि त्या मित्राच्या हातात दिला. "तू पाय हो."

खेळ रंगला. मी पुण्यात बोलायची तशी बोलत होते, वहिनी आणि सर मात्र नेहमीपेक्षा कमी बोलत होते. चारच्या सुमारास जोडणी सुरू होती, तेवढ्यात जिना वाजला आणि मामा किल्ली ठेवायला वर आले. हातात पंप नव्हते.

"अरे, हेच का ते?" मित्र उठूनच उभा राहिला. त्याच्या हातात एडक्याचा कागद होता. "काका, आम्ही तर तुम्हालाच बघायला आलो! तुमची क्लिप आम्ही शंभर वेळा पाहिली असेल. पण तुम्ही लग्नाला गेला होतात ना?"

मामांनी त्याच्या हातातल्या कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला वाटतं मी डोळ्यांनी त्यांना काहीतरी विनवलं. मानसुद्धा खाली घातली नाही, तेवढीही लाज तेव्हा वाटली नाही.

"व्हय," मामा म्हणाले. "गेलतो लग्नाला. लवकर आटपलं."

वहिनी पटकन म्हणाली, "मामा, खाली चला, भाकरी वाढते."

"नगं. लग्नातच जेवलो की."

सकाळी नऊला निघालेला माणूस. मधे कुठं थांबले असतील, चहा घेतला असेल तर घेतला असेल. माझं खोटं सांभाळायचं म्हणून त्यांना आमच्या घरची भाकरी नाकारावी लागली.

मैत्रीण म्हणाली, "काका, ते एकदा म्हणा ना प्लीज, म्या उभा हाय!" तिच्या आवाजात खरंच कौतुक होतं, हे मला आज कळतं. मामा खिळ्याला किल्ली अडकवता अडकवता थांबले. म्हणाले, "म्या उभा हाय." तिघांनी टाळ्या वाजवल्या. मामा हसले, "खेळा तुमी," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मी खेळ थांबवला नाही. थांबवला असता तर कारण सांगावं लागलं असतं. आम्ही जिंकलो एवढं आठवतं, कसे जिंकलो ते नाही.

पाहुणे गेल्यावर वहिनी भांडी घासत होती. माझ्यावर रागावली की ती मला 'वन्सं' म्हणते. "वन्सं," ती म्हणाली, "तुमच्या मैतरांना मामा आवडले होते. नावडले ते तुम्हाला." मी ग्लास विसळत राहिले.

मंगळवारी नळदुर्गला पार्सल द्यायचं होतं. मी मुद्दाम टेम्पोत बसले. ढाब्यांची रांग येईपर्यंत मी पार्सलाची पावती उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "मामा, परवा वर्कशॉप बंद होतं का?"

"ऐतवारी बंदच असतंय ते. मला ठावं व्हतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "मग गेलात कशाला?"

"तुमी सांगितलं म्हणून." पुढं ट्रक होता, त्यांनी हॉर्न दिला, ट्रक बाजूला होईपर्यंत थांबले. "आन् बंद हाय म्हणलं असतं, तर तुमाला दुसरं कायतरी काढावं लागलं असतं."

"चूक झाली मामा."

"होतंय."

बस, एवढंच. कोणती चूक, ते मी उच्चारलं नाही. तुमच्या बोलण्याची मला लाज वाटली, हे वाक्य घरून निघताना मी मनात तयार केलं होतं. ते माझ्या तोंडातच राहिलं आणि आम्ही पार्सल उतरवलं.

पुण्याच्या मित्रांना मात्र मी फोन करून सगळं खरं सांगितलं. तिकडं सांगणं सोपं होतं. मैत्रीण म्हणाली, "म्हणजे ते उपाशी होते? आणि मी त्यांना डायलॉग म्हणायला लावला?" तिला रडू आलं. मी तिची समजूत घातली, आणि त्यात मला थोडं हलकं वाटलं, याचीही आता लाज वाटते.

मामा कामावर रोज यायचे, रविवारी नाही. आम्ही तिघांचे रोबो घेऊन खेळायचो. वडिलांनी विचारलं, "मामा का येईनात वर?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय. आणखी एक खोटं. शेवटी दसऱ्याच्या आधी वहिनी स्वतः मामांच्या घरी गेली. काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी मामा आले.

मी त्यांना एडक्याचा कागद दिला. आम्ही सगळे जरा जास्तच मोठ्यानं हसत-बोलत होतो. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी घसा साफ केला आणि एकेक शब्द वेगळा करत म्हणाले, "मी... उभा आहे."

सरांना वाटलं मामा गंमत करतायत, ते हसले. गंमत नव्हती. आरशासमोर उभं राहून असंच बोलायला मी शिकले होते, मला तो आवाज ओळखू आला. खेळ संपल्यावर जिन्यात मी त्यांना गाठलं. "मामा, नेहमीसारखं बोला की."

"नेहमीसारखंच बोलतोय, ताई," ते म्हणाले आणि कठडा धरून सावकाश उतरू लागले.

मग मी जिन्यातच, त्यांच्या पाठीकडं बघत सांगितलं. मेसमधलं सांगितलं, क्लिपखाली काय लिहिलं ते सांगितलं, 'आमचा ड्रायव्हर' हे शब्दसुद्धा सांगितले. मामा दोन पायऱ्या खाली थांबून ऐकत होते. मागं वळले नाहीत. माझं झाल्यावर म्हणाले, "ड्रायव्हर तर हायच की म्या. त्येचं काय वाईट वाटायचं? लग्नाचं वाईट वाटलं." आणखी एक पायरी उतरून म्हणाले, "भूक लागलती लई."

त्यानंतर ते येतात, पण दर रविवारी नाही. आले तर खेळतात, वहिनीशी चेष्टा करतात. माझ्याशी बोलताना कधी 'हाय' म्हणतात, कधी 'आहे', आणि त्यातलं कोणतं कधी येईल हे मला अजून कळलेलं नाही. मागच्या रविवारी त्यांनी निरोप पाठवला, भावाच्या मेंढरांना लस टोचायचीय, येत नाही. खरं असेलही. मी विचारलं नाही. उरलेल्या तिघांनी फासे काढले आणि मी गोष्ट सुरू केली.