उघडे गटार आणि माझा मूत्रमार्ग

पोळ्याच्या आधीचा सोमवार: पंचायतीसमोरच्या गटारावरचा ढापा फुटल्याबद्दल माझा पहिला अर्ज. गौरी उठल्यानंतरचा गुरुवार: दुसरा अर्ज, रीतसर पोच घेऊन. दसऱ्याचा दुसरा दिवस: त्याच गटारात मी स्वतः. जबाबदार सरपंच आणि ग्रामसेवक.

एक पाय आत गेला आणि सिमेंटच्या कडेवर मी दोन्ही मांड्यांच्या मधोमध आदळलो. रक्ताचे थेंब आले. लघवी मात्र येईना. घरी ती जागा सांगण्याची सोय नव्हती. कमरेला मार बसला आणि लघवी अडली आहे, एवढेच म्हणालो.

"आवं, उनाळी लागली आसंल," म्हणत पत्नीने धन्या-जिऱ्याचे पाणी तांब्याने पाजले. संध्याकाळपर्यंत ओटीपोट दगडासारखे झाले. मग धोतरावरचा डाग तिला दिसला. "ह्ये कमरेचं रगत हाय व्हय?" एवढेच विचारून तिने जीप बोलावली.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी रक्त पाहताच खालून नळी घालण्यास सर्वांना मनाई केली. "मूत्रमार्ग फाटलाय, काका. जबरदस्ती केली तर उरलासुरलाही तुटेल." त्यांनी बेंबीखाली छिद्र पाडून मूत्राशयात नळी बसवली. जखम निवेपर्यंत तीन महिने पिशवी धोतराआड बांधून हिंडलो. पुन्हा आपली आपण लघवी होईल की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगेना. याच काळात मी तिसरा अर्ज धाडला. त्यातही 'कमरेस इजा' असेच लिहिले. ग्रामसेवक चहाच्या टपरीवर म्हणाले, "अर्जात कंबर अन् नळी पोटात. काहून?"

पुढे नांदेडला शस्त्रक्रिया झाली. आकसलेला भाग उघडून तिथे माझ्याच गालाच्या आतले अस्तर लावले. तोंडात टाके, बोलणे बंद. पातळ खिचडी भरवताना पत्नी म्हणाली, "इतके वर्सं सरकारसंगं भांडलं ह्ये तोंड, आखिर कामी आलं." मला हसताही येईना.

शिमग्याच्या सुमारास, शस्त्रक्रियेत आत ठेवलेली नळी निघाली. पोटावरची बंद करून डॉक्टरांनी भरपूर पाणी पाजले आणि मला शौचालयात पाठवले. दाराबाहेर पत्नी उभी होती. मी भिंतीला हात टेकला आणि धार लागली. जाड, सरळ, न अडखळता.

"येऊन राहिली का?" तिने बाहेरून विचारले.

"येऊन राहिली," मी म्हणालो.

त्या क्षणी सरपंचाविरुद्धचे एकही कलम मला आठवत नव्हते.

घरी परतताना जीप पंचायतीसमोरून गेली. गटार उघडेच होते. कोणीतरी त्यावर बाभळीची फांदी टाकली होती. कलमे आठवली.

चौथ्या अर्जात मी 'कंबर' हा शब्द वगळून 'मूत्रमार्ग' असे स्वच्छ अक्षरात लिहिले आहे. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत, स्त्री-पुरुष सारे बसलेले असताना, तो मी उभा राहून वाचीन. दोन अर्ज हाती असताना ढापा का बसवला नाही, याचे उत्तर सरपंच व ग्रामसेवक यांनी त्याच सभेत, सर्वांसमक्ष, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात द्यावे.