आषाढातलं शूटिंग

हायवे रुंद झाला आणि आमचं घर त्याच्या एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला पडली. फाट्यावर ना गतिरोधक, ना पोलीस. ओझरच्या गणपतीला निघालेल्या गाड्या अशा सुटायच्या, जणू देव दुपारनंतर घरी सापडणारच नाही. माझी लेक तेव्हा तिसरीत होती. रोज तिचा हात धरून कडेला उभी राहायचे आणि जरा रस्ता मोकळा दिसला की "पळ" म्हणायचे.

आम्ही फाट्यावरच्या बायका रस्त्याच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी पंख्याखाली बसून विचारलं, "तिथं कुणाचा मृत्यू झालाय का? नोंद तर दिसत नाही."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्या नोंदीसाठी माझी पोरगी देऊ का?" म्हणाले आणि उठले.

माझे चुलत दीर लग्नाच्या शूटिंगची कामं घ्यायचे. आषाढात लग्नं नसतात, कॅमेरा घरीच पडून. म्हटलं, चला भावजी, गाड्या कशा सुसाट येतात ते काढा, साहेबांना दाखवू. त्यांनी फाट्यावर स्टँड रोवला, कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. पण झालं उलटंच. कॅमेरा दिसला की प्रत्येक गाडी हळू! बेल्ह्याच्या बाजाराला निघालेल्या एका टेम्पोवाल्यानं तर थांबून केस विंचरले. "भाऊ, पिक्चर कंचा?"

भावजी वैतागले. "वहिनी, ह्यात दाखवायला कायच न्हाई. समदे लई शहाण्यावानी चाललेत."

"मग ऱ्हाऊ द्या की हितंच," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या वेळेला कॅमेरा फाट्यावर. आत कॅसेट नाही, बॅटरी नाही, नुसता उभा. थोड्याच दिवसांत साहेब जीप घेऊन हजर. "परवानगी कुणाची? वाहतूक मंदावतेय, तक्रारी आल्यात."

"मंदावतेय न्हवं? मग गतिरोधक बांधा, त्याच दिवशी कॅमेरा उचलते. तवर हलायचा न्हाई. काय करायचं ते करा."

साहेब भावजींवर ओरडायला लागले, तेवढ्यात शाळेची घंटा झाली. मी लेकीचा हात धरला आणि रस्त्यावर उतरले. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या, एसटीसुद्धा. मधोमध तिची चप्पल निसटली. ती खाली वाकली, अंगठा नीट आत घातला. साहेब बघत होते. त्या रस्त्यावर मी तिला पहिल्यांदाच "पळ" म्हणाले नाही.