केसरबाईनं सोडलेला कांदा

धर्मापुरीच्या अलीकडं जी मेंढरंवाल्यांची वस्ती आहे, तिथं नऊ वर्षं एक गोष्ट या कानातून त्या कानात फिरत होती, आणि फिरता फिरता तिनं चांगलं बाळसं धरलं होतं. केसरबाईनं कांदा सोडला तो राधाकिशनपायी.

या गोष्टीची आई चतुराबाई. हापशावर एक घागर भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती कुणाचंही लग्न मोडायची, आणि घागर मोठी असली तर दुसरीकडं जमवूनही द्यायची. तिचं गणित सरळ होतं. कांद्याचा मळा कुणाचा? राधाकिशनचा. त्यानं केसरबाईच्या मेंढरांना विहीर बंद केली कधी? ज्या साली हिनं कांदा सोडला त्या साली. "आता एवढ्यावरून तुमाला कळंना, तर काय पाटीवर लिहून देऊ?" असं म्हणून ती घागर डोक्यावर घ्यायची आणि उरलेलं काम ऐकणाऱ्या बायकांवर सोपवून चालती व्हायची.

केसरबाई तेव्हा बावन्न वर्षांची, नातवंडं झालेली. राधाकिशन तिच्या नवऱ्याहून जरा धाकटा, पण समोरचे दोन दात पडलेले. असल्या गोष्टींना वय कधी आड येत नाही. उलट लोणच्यासारख्या त्या वयानं मुरतात.

कांदा मात्र तिनं खरंच सोडला होता, आणि स्वतःपुरता नाही, घरापुरता. सून रोहिणी आली ती आष्टीकडची, कांद्याच्या मुलखातली. माहेरी अंगणभर कांदा, आणि इथं फोडणीला टाकायला पातही नाही! बिचारी शेजारच्या घरी जायची, बुक्कीनं कांदा फोडून मीठ लावून खायची, मग चूळ भरायची, वर बडीशेप चावायची, आणि पदर सारखा करत घरी यायची. बाप्ये दारू पिऊन येतात, तशी ही कांदा खाऊन यायची. सासूला वास यायचा. सासू काही बोलायची नाही. नुसतं म्हणायची, "कुत्र्याच्या भांड्याला हात लावू नगंस आता. मी बघते."

कारण त्या घरात कुत्र्यांचं भांडं वेगळं होतं, चूलही वेगळी होती. मेंढरामागं चार कुत्री, दारात एक. दुसऱ्यांच्या घरी कुत्र्याला काय मिळतं? ताटातलं उष्टं, तिखटजाळ कालवणाचा थेंब, भाकरीचा करपलेला पापुद्रा. केसरबाईच्या अंगणात सकाळी तीन दगडांवर काळं पातेलं चढायचं. ज्वारीच्या कण्या पातळ ताकात शिजायच्या, त्यात लाल भोपळ्याची फोड, कधी एखादं अंडं. कुणाच्या घरी बकरं कापलं की काळजाचा तुकडा मागून आणायची, उकडायची, सुपारीसारखा बारीक चिरून कण्यांत मिसळायची. शिजलेलं हाडूक मात्र द्यायची नाही, त्याच्या कपच्या आतड्यात रुततात म्हणून. ज्वारीचं पीठ, अंडं आणि उकडलेलं काळीज मळून ती बोटाएवढे मुटके वळायची आणि तव्यावर मंद आचेवर कडक करायची. रताळ्याच्या चकत्या उकडून छपरावर वाळत घालायची. एकदा रोहिणीच्या धाकट्यानं पापड समजून चार खाल्ल्या आणि आणखी मागितल्या, तेव्हापासून छपरावर दोन भाग झाले, डावीकडं कुत्र्यांचं, उजवीकडं माणसांचं.

परळीचे रविराज गुरुजी एकदा धर्मापुरीचं मंदिर बघायला आले, संगतीला त्यांचं शहरी कुत्रं. अंगानं रेडकाएवढं, पण खाण्याचे नखरे जावयाचे. केसरबाईनं पुढ्यात टाकलेला मुटका त्यानं असा खाल्ला की गुरुजी बघतच राहिले. त्यानंतर मुटक्यांचे डबे परळीला जायला लागले, तिथून बीडलाही. गुरुजींनी विचारलं होतं, "यात काय घालायचं नाही, ते सांगा आजी."

केसरबाईनं डाव्या हाताची बोटं मोजली. "तिखट न्हाई. मीठ न्हाई. गूळ न्हाई..." चौथ्या बोटावर अंगठा टेकला, क्षणभर थांबला, आणि तिनं मूठ मिटून घेतली. "बास. येवढंच."

पण डब्यावर चिठ्ठी लावायची तेव्हा ती रोहिणीला चौथीही ओळ लिहायला लावायची. लिहून घ्यायची, तोंडानं म्हणायची नाही.

आता नऊ वर्षांमागं काय झालं, ते सांगायला हवं, नाहीतर चतुराबाईचंच खरं वाटायचं.

केसरबाईचा नवरा त्रिंबक. त्याचा एक कुत्रा होता, सरदार. लांडग्याशी झुंजून आलेला, कान फाटलेला. त्रिंबक पोराला जेवढं बोलला नसेल तेवढं सरदारशी बोलायचा. त्या उन्हाळ्यात सरदारनं राधाकिशनच्या कालवडीचा पाय फाडला, आणि राधाकिशननं पारावर चार माणसांत हात झाडून सांगितलं, "ह्या कुत्र्याला मी एक दिवस संपवतो." रागात माणूस काय काय बोलतो! पण पुढं सव्वा महिन्यात सरदार संपला. आधी खाईना, मग चढावर धापा टाकायला लागला, मग सावलीला पडला तो उठलाच नाही. त्रिंबकनं राधाकिशनचं दार गाठलं आणि साऱ्या वस्तीसमोर त्याला इखाऱ्या म्हटलं. विष घालणारा! राधाकिशननं महादेवाच्या पिंडीवर हात ठेवून शपथ घेतली, तर त्रिंबक म्हणाला, "देवालाबी फशिवतोस बे?" त्या दिवशी राधाकिशननं विहिरीच्या वाटेवर बाभळीचे फेस, तोडलेल्या काटेरी फांद्या, आडवे टाकले. मेंढरं कोसभर लांबच्या तळ्यावर जायला लागली. नातं तुटलं ते तुटलंच.

चार महिन्यांनी मेंढरांना लस टोचायला डॉक्टर आले. केसरबाईनं सहज विचारलं, आमचा कुत्रा असा असा मेला, कशानं मेला असंल? डॉक्टरांनी दोन-तीन गोष्टी विचारल्या. तिनं उत्तरं दिली. मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून ती कोकरू धरून उभी होती ती तशीच उभी राहिली, कोकरू कधी सुटलं ते तिला कळलं नाही. एवढं नक्की झालं, की राधाकिशनचा त्यात हात नव्हता.

घरी येऊन तिनं टोपलीतला कांदा उकिरड्यावर ओतला. त्रिंबकनं विचारलं, हे काय? ती म्हणाली, "कपिलधारला नवस बोललेते." त्रिंबक बरं म्हणाला. बोलू उद्या, असं ती रोज ठरवायची. उद्याची परवा झाली, परवाचं वर्ष झालं. हापशावर चतुराबाईची गोष्ट जन्माला आली, ती तिच्या कानावर आली, आणि तिनं ती खोडलीही नाही. आळ सोसायला सोपा होता. खरं काय ते उघड केलं असतं, तर ते त्रिंबकलाही सांगावं लागलं असतं. मग चार वर्षांमागं त्रिंबकच गेला.

यंदाच्या वैशाखात एका दुपारी बांध ओलांडून राधाकिशनची नात स्वप्ना आली. बीडला क्लासला असते, सुट्टीत आलेली. दोन्ही हातांवर त्यांचा कुत्रा हौशा.

"केसरआजी, आबांना सांगू नका मी आलते म्हणून. तुमचे मुटके सगळी कुत्री खातात म्हणं. ह्यो काहीच खाईना बघा."

केसरबाईनं हौशाचा ओठ वर उचलला. हिरड्या कवडीसारख्या पांढऱ्या. तिनं हळूच विचारलं, "मुततो कसा गं?"

"लालसर. कोऱ्या चहावानी."

"घालता काय त्याला?"

"आबाच घालतात. ताकात भाकर आणि ठेचलेला कांदा. ऊन लागू नये म्हणून. म्हयना झाला असंल."

केसरबाईनं हौशाला तिच्या हातांवरून घेऊन सावलीत निजवलं. मग म्हणाली, "आजपासून कांदा बंद. आबाला सांग. आन् डॉक्टरला बोलीव, आत्ताच."

दुसऱ्या दिवशी स्वप्ना पुन्हा आली, या खेपेला रिकाम्या हातानं, डोळे सुजलेले. "आबा ऐकंनात. म्हणतात, माझा बाप खिशात कांदा ठिवून नांगरायचा, त्याला कधी ऊन लागलं न्हाई. म्हणतात, त्या घरचं सांगणं मला नको. डॉक्टरबी नको म्हणतात, उन्हाळा उतरला की बरा होतो म्हणं. आजी, तो उठंना आता."

केसरबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. हात धुतले. डोक्यावरून पदर घेतला.

"कुठं निघाल्या आत्या?" रोहिणीनं विचारलं.

"राधाकिशनच्या दारात."

रोहिणीच्या हातातली परात पडली. आवाज हापशापर्यंत गेला असावा, कारण केसरबाई तिथून पुढं गेली तेव्हा चतुराबाई घागर अर्धी सोडून उठली. चतुराबाईनं अर्धी घागर सोडलेली वस्तीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. बाकीच्या दोघी-तिघीही उठल्या. एवढी वर्षं ऐकलेली गोष्ट आज डोळ्यांनी बघायला मिळणार होती!

वाटेवरचे बाभळीचे फेस जुने झाले होते, पण काटे तेवढेच होते. केसरबाईनं लुगडं आवरून धरलं आणि ती त्यातून गेली. पिंढरीवर ओरखडा उठला.

लिंबाखाली बाजेवर राधाकिशन बसलेला. पायाशी हौशा आडवा, डोळे अर्धे मिटलेले. आणि राधाकिशन पितळीत कांदा ठेचत होता. तिला बघून त्याचा हात थांबला.

"काय काम काढलं?" त्यानं तिला नावानं हाक मारली नाही. एकेकाळी वैनी म्हणायचा.

"तो कांदा त्याला घालू नगा. मरंल तो."

राधाकिशन हसला, दात नसलेल्या फटीतून. "नऊ वर्षं तुमच्या घरानं मला इखाऱ्या म्हनलं. बाजारात माणसं मला बघून आपली कुत्री आवळून धरायची. आन् आज तू मला शिकवतीस व्हय, इख कशाला म्हणत्यात ते?"

"तुमी इख घातलं न्हाई. मला ठावं हाय."

"आज कळलं?"

"न्हाई. नऊ वर्षं झाली."

कुंपणापाशी चतुराबाईनं दुसरीचा दंड घट्ट धरला. राधाकिशन बाजेवरून उठला.

"ठावं हाय म्हंजे? कसं ठावं हाय?"

केसरबाईनं डावा हात पुढं केला. बोटं मोजायची तिला सवय होती. पण या वेळी पहिली तीन तिनं सोडून दिली आणि अंगठा सरळ चौथ्यावर टेकवला.

"कांदा," ती म्हणाली. "त्या साली तुमचा कांदा मातीमोल झालता. कालवडीच्या भांडणाआदी तुमीच बांधावर ओतला आन् मला म्हनला, वैनी, न्या घरी, मेंढरांना टाका. मी दोन पाट्या आणल्या. सरदारला ऊन लागू नये म्हणून रोज कण्यांत घातला. मायेनं घातला, भावजी. त्याच्याबी हिरड्या अशाच पांढऱ्या झालत्या. मग डॉक्टरनं सांगितलं, कांद्यानं कुत्र्याचं रगत फुटतं म्हणून. माणसाला चालतं ते त्याला न्हाई चालत."

हौशाची धाप तेवढी ऐकू येत होती.

"त्रिंबकला सांगितलंतं?" राधाकिशननं विचारलं.

"न्हाई."

"म्हंजे तो मला इखाऱ्या समजूनच गेला."

"व्हय."

राधाकिशननं तोंड फिरवलं. लिंबाच्या बुंध्याला हात लावून तो उभा राहिला. केसरबाईही हलली नाही. शिव्या खायची तिची तयारी होती, आणि दगड मारला असता तरी ती उभीच राहिली असती. पण त्यानं वाकून पितळी उचलली, उकिरड्यापर्यंत चालत गेला आणि उपडी केली. परत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांना ठेचलेल्या कांद्याचं पाणी लागलं होतं, असं निदान स्वप्ना म्हणते.

"डॉक्टरला फोन लाव," तो नातीला म्हणाला. मग केसरबाईकडं न बघता, "वैनी, त्या कण्या कशा करता, ते ह्या पोरीला दावा."

डॉक्टर संध्याकाळच्या आत आले. सुया झाल्या, सलाईन झालं. केसरबाईनं तीन दगड मांडले आणि राधाकिशनच्याच अंगणात कण्या शिजवल्या. पहिल्या दिवशी हौशानं नुसतं चाटलं. चौथ्या दिवशी काळजाचा तुकडा शोधून खाल्ला. तीन आठवड्यांनी हिरड्यांवर लाली आली. माफ केलं, असं राधाकिशन कधी म्हणाला नाही, आणि तिनंही विचारलं नाही. पण पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी विहिरीच्या वाटेवरचे बाभळीचे फेस कुणीतरी बाजूला ओढून ठेवलेले दिसले.

चतुराबाईची मात्र त्या दिवशी पार निराशा झाली. परतीच्या वाटेवर ती तीनदा म्हणाली, "येवढंच व्हय? कुत्रंच व्हय?" आणि हापशावर आजही कुणी नवी सून विचारते, तेव्हा ती जुनीच गोष्ट सांगते. म्हणते, कुत्र्याचं निमित्त हो, आतलं निराळं हाय.

आतलं निराळं काही नाही. केसरबाईनं राधाकिशनपायी कांदा सोडला नव्हता. तिनं सव्वा महिना आपल्या हातानं सरदारला कांदा खाऊ घातला आणि त्यानं सरदार मेला, म्हणून सोडला.