इब्रामपूरच्या धुक्यातल्या दोन हाका

आधी माफी मागतो. इथे लिहिणारी मंडळी अनुभवी आहेत, मी नाही. मी म्हादू, पेडण्याकडच्या एका कॉलेजात भूगोल घेऊन दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चार ओळी लिहिल्या तरी कोणीतरी तपासून द्याव्यात असं वाटतं. हे मात्र कोणाला तपासायला द्यायचं ते कळेना. चुकलं तर सांभाळून घ्या.

दुसरं म्हणजे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं लिहायला हात धजत नाही. आईने लहानपणापासून एक शिकवलं होतं – बाहेरून कोणी नावाने हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो, ते दुसरं जे काही असतं ते दोनदाच मारतं. आमच्या गावात हे सगळेच पाळतात. मी यावर हसायचो, पण पाळायचो. उलटी पडलेली चप्पल आपण सरळ करतो ना, तसं.

आमची नदी घाटातून तिळारी म्हणून उतरते आणि पुढे शापोरा होते. इब्रामपूरला गडाच्या बाजूने खाली आलं की एक सपाट काठ लागतो. तिथून दिगूदादा थंडीच्या दिवसांत शनिवार-रविवारी कयाक सोडतात. दादा धारगळचे, आमचे मालक. मी गेल्या वर्षीपासून त्यांच्याकडे आहे. पहाटे लवकर जाऊन हवामान बघायचं आणि ग्रुपवर टाकायचं हे माझं काम. जानेवारीत इथे गंमत असते. हवा सोळा-सतरा डिग्रीवर येते, पण पाणी तेवढं गार होत नाही, म्हणून नदीवरून वाफ उठते. वारा नसला की ते धुकं दरीत नऊ वाजेपर्यंत बसून राहतं. घाटावरून वारा सुटला की पंधरा मिनिटांत साफ. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. तातूंना ते न वाचता येत होतं.

तातू आमचे जुने गाईड. पूल होण्याआधी त्यांचे वडील इथे होडीने माणसं पलीकडे न्यायचे. साठीचे असतील, छातीत कायम खोकला. रोज सकाळी सगळ्यांसाठी पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गरम उंडे पाव पिशवीत घालून आणायचे. माझ्या मोबाईलमधल्या हवामानाला ते फार हसायचे. म्हणायचे, तुझ्या त्या डब्यात धुक्याचं चित्र आलं म्हणून धुकं पडलं की धुकं पडलं म्हणून चित्र आलं? मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. शाळेला आमच्याकडे इस्कोल म्हणतात, म्हणून मी त्यांचा 'इस्कोलकार'. हे लक्षात ठेवा, मी विसरलो होतो.

त्या आठवड्यात दादांनी सांगितलं की यापुढे रविवारचा ग्रुप मी पुढे राहून न्यायचा, तातूंनी मागे राहायचं. मी कोर्स केला होता, सर्टिफिकेट होतं. तातूंनी उंडा मोडून अर्धा मला दिला आणि म्हणाले, खा, आता तू फुडारी. ते टोचून म्हणाले की मनापासून, ते मला तेव्हाही कळलं नाही.

रविवारी कोल्हापूरचे पाच जण आले. सव्वासहा वाजले होते. सतरा डिग्री, वारा शून्य, दहा फुटांपलीकडे काही दिसत नव्हतं. तातूंचा पत्ता नव्हता, फोन लागेना. लाईफ जॅकेट बांधून झाली. पहिल्याच दिवशी दादांना फोन करून 'काय करू' विचारायची मला लाज वाटली. नेहमीसारखं काठाकाठाने वर जायचं ठरवलं. दोनशे पावलांवर वरच्या वाडीचा व्हाळ, म्हणजे ओढा, नदीला मिळतो, तिथपर्यंत.

पहिली कयाक मी पाण्यात ढकलली आणि हाक आली.

"म्हादूऽऽ, ये रेऽऽ."

आवाज तातूंचा. हात तोंडाशी धरून ते ओरडायचे तसाच, शेवटी खोकल्याने तुटलेला. पण आला तो नदीतून, व्हाळाच्या बाजूने. कोर्समध्ये आम्हाला शिकवलंय – धुक्यात कोणाचीही हाक आली की ताबडतोब शिट्टी वाजवून उत्तर द्यायचं. शिट्टी माझ्या दातांत होती. मी ती वाजवली नाही. पुन्हा तीच हाक आली. पाहुण्यांतल्या एक मॅडम म्हणाल्या, तुम्हालाच बोलावतायत ना? म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं. मी म्हटलं, हो, थांबा जरा. काय सांगणार... की मी तिसऱ्या हाकेची वाट बघतोय?

तिसरी आलीच नाही. दहा मिनिटं आम्ही तसेच उभे होतो. पाहुणे कंटाळले, एकाने फोटो काढायला घेतले. मग वरून एक आवाज आला, डंपर खडी ओततो तसा. काठाने चालत जाऊन बघितलं, तर व्हाळाच्या तोंडातून गढूळ पाणी, बांबू, दगड, एक अख्खं झाड, सगळं नदीत येऊन पडलं होतं. वायंगणी शेतीसाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातासाठी, वरच्या वाडीत दर थंडीत मातीचा बांध घालतात, तो फुटला होता. हाक आली त्याच जागेवर झाड आडवं पडलं होतं. ओ देऊन गेलो असतो तर आम्ही सहाही जण तिथे असतो.

पाहुण्यांनी मला थँक्यू म्हटलं. मला मात्र राग आला होता.

कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली – हे तातूंनी केलं. पुढारीपण गेलं म्हणून कुठेतरी लपून मला घाबरवलं, पाहुण्यांसमोर वेडा ठरवायला. त्यांचं घर त्याच वाडीत, म्हणजे बांध पाझरतोय हे त्यांना माहीत असणार. तरीही त्या बाजूला बोलावलं. मी तडक त्यांच्या वडिलांची जुनी होडी बघायला गेलो. पाण्यात जायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. होडी काठावर पालथी होती. तिच्यावर कोळी किड्यांनी विणलेली जाळी, टोकापासून टोकापर्यंत, आणि प्रत्येक धाग्यावर दंवाचे थेंब. एकही धागा तुटलेला नव्हता.

ही गोष्ट मी दादांना सांगितली नाही. बाकी सगळं सांगितलं.

दादांनी तातूंना बोलावून घेतलं. तातू उंड्यांची पिशवी घेऊनच आले, उंडे गार झालेले. ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "मिया हाक मारूंक नाय रे. तूच माका हाक मारलंस."

त्यांचं म्हणणं असं – सहाच्या सुमारास ते पिशवी घेऊन अंगणात उतरले. नदीकडे यायची त्यांची पायवाट त्या बांधावरूनच. बांधाकडून माझा आवाज आला, 'तातू, येवा'. दोनदा. ते तिसऱ्या हाकेसाठी थांबले. ती आली नाही, म्हणून पायरीवरच बसून राहिले. मग बांध फुटल्याचा आवाज.

मला वाटलं, माझीच गोष्ट उलटी करून मला ऐकवतायत. मी तसं म्हणालोही. दादा म्हणाले, पाहुण्यांच्या जिवाशी खेळ नको, तातू, तुम्ही काही दिवस येऊ नका. तातू पिशवी तिथेच ठेवून गेले.

पुढे दर रविवारी मी पुढारी होतो. मागे कोणीतरी नवीन असायचा. वाटेत तातू दिसले तर मी मोबाईलमध्ये बघायचो. एकदा त्यांनीच विचारलं, काय म्हणतो तुझा डबा, धुकं आहे उद्या? मी 'हो' म्हणून पुढे गेलो.

मग फेब्रुवारीत एकदा वर्गात बसलो असताना, काही कारण नसताना, डोक्यात आलं. ती हाक 'म्हादू' अशी होती. तातूंनी मला कधी म्हादू म्हटलेलंच नाही. रागावले तरी इस्कोलकार, लाडात आले तरी इस्कोलकार. मला घाबरवायलासुद्धा त्यांनी तीच हाक मारली असती. आणि ती जाळी तर मी डोळ्यांनी बघितली होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी त्यांच्याकडे माफी मागायला निघालो. आदल्या रात्री धारगळला मावशीकडे राहिलो होतो, तिलाही कारण सांगितलं नाही. सकाळी हायवेवर बसची वाट बघत उभा राहिलो. तिथेही धुकं होतं, गाड्या दिवे लावून जात होत्या. काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. 'तातू' म्हणून सुरुवात करायची, एवढंच ठरलं होतं. तोंडातून शब्द निघाला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

मी भूगोलाचा विद्यार्थी आहे. धुक्यात आवाज वाकतो, लांबचा जवळ वाटतो, हे मला माहीत आहे. पण धुकं एकाचा आवाज दुसऱ्याच्या तोंडात घालत नाही. आणि जे दोनदाच हाक मारतं असं आई म्हणते, ते त्या दिवशी आम्हा दोघांनाही पाण्याकडे बोलावत होतं, एवढंच समजतं. पुढचं मला उलगडलेलं नाही.

सात वाजायला आले तेव्हा फोन वाजला. तातूंचा नंबर. मला बरं वाटलं, की सुरुवात त्यांनीच केली. पण पलीकडे काकी होत्या, त्यांची बायको. रडत नव्हत्या, दमल्यासारख्या बोलत होत्या. तातू अंगणात पायरीवर बसले होते. एकदम हसले, म्हणाले, इस्कोलकार आला बघ, तिसरी मारली हाक. मोठ्याने 'ओ' म्हणून उठले आणि तुळशीपाशी खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

मग काकींनी मला विचारलं, "हाक मारलंस, मगे इलंस कित्याक नाय रे?"

मी अजून धारगळच्या थांब्यावरच होतो.