थंड छताखालचं बाळंतपण

बाळंतपणाला माहेरी जावं, सुख मिळतं म्हणतात. मला मिळाली रावेतमधली एक बंद खोली!

माझा थोरला भाऊ चाकणच्या कंपन्यांमध्ये इमारती गार ठेवायची कामं घेतो. एसीचं वारं नाही. छताच्या आत नळ्या पुरायच्या आणि त्यांतून गार पाणी फिरवायचं. मग छतच गार होतं आणि खालच्या माणसाच्या अंगातली उष्णता गुपचूप ओढून घेतं. आमचं जुनं घर पाडून बंगला बांधला तेव्हा दादानं हाच प्रकार घरात केला. अट एकच, खिडक्या उघडायच्या नाहीत. पावसाळी हवा आत शिरली की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसं छताला सुटतं. म्हणून प्रत्येक खोलीत त्यानं भिंतीवर एक डबी बसवलेली. हवा दमट झाली की ती पिकपिक करते आणि नळ्यांतलं पाणी बंद करते.

आईला तर खिडकी बंदच हवी होती. "वल्या बाळंतिणीला वारं लागून चालत न्हाई." जन्मात ज्या मायलेकांचं एका गोष्टीवर जमलं नाही, त्यांचं माझ्या खिडकीवर जमलं.

वरून छत माझी ऊब ओढायचं आणि आई खालून ती परत भरायची. कानाला रुमाल, पायात मोजे, खाटेखाली शेगडी, तिच्यावर ओवा-शेपाची धुरी. पाठ भाजायची, कपाळ गार पडायचं. जीव गुदमरतोय म्हटलं, की दादा म्हणायचा, "अगं, एवढी आरामशीर खोली अख्ख्या पिंपरी-चिंचवडात दाखव." आई म्हणायची, "सव्वा महिना गप पडायचं. आमी न्हाई का पडलो?" मी रडले की बाळंतीण हळवी असते म्हणून दोघंही आपापल्या कामाला मोकळे.

पण मला भीती वाटत होती ती निराळीच. बाळ रडलं की मला त्याचा राग यायला लागला होता. उचलून घ्यावंसंच वाटेना. आपल्या पोटच्या पोरीबद्दल असं वाटतं, हे सांगायचं तरी कुणाला?

आणि मग तो गुरुवार आला. दादाची सुट्टी, तो खाली पेपर वाचत होता. आईनं आम्हा दोघींना खोलीतल्याच न्हाणीघरात कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, शेगडी पेटवली, दार लावलं. मी पडले होते. कपाळावर टपकन थेंब पडला. दुसरा बाळाच्या गालावर. वर बघते तर सगळं छत थेंबांनी भरलेलं!

आईनं आरडाओरडा केला. दादा शिडी घेऊन धावत आला. छतावरून हात फिरवला, टॉवेलनं पुसायला लागला, खाली उतरून डबीकडे गेला. डबीवर धुतलेली दुधाची पिशवी, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावलेली.

"पोरगी दचकून उठती तिच्या आवाजानं," आई पुटपुटली.

दादा भडकला. पिशवी टराटरा ओढून काढत म्हणाला, "अगं आई, हिला श्वास घ्यायला नको का? कोंडून ठेवलीस, मग तिला कळणार काय?"

हे तो डबीबद्दल बोलत होता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस मी काय वेगळं सांगत होते? मी उठले, बाळ दुपट्यात गुंडाळलं आणि दोघांच्या मधून निघाले. "दार उघडं टाकू नकोस, दमट हवा आत येईल!" दादा मागून ओरडला. मी सताड उघडं टाकलं आणि जिना चढून गच्चीवर गेले.

बाहेर नुसतं ओलसर वारं होतं, बाकी काही नाही. बाळानं डोळे किलकिले केले, जांभई दिली. मी तिला छातीशी घट्ट धरलं आणि मला हुंदका फुटला. राग शोधला, सापडला नाही.

आई मागोमाग आली. आता बोलणी खायची म्हणून मी तयारच होते. तिनं माझ्या कानाचा रुमाल सोडला, त्यानंच माझं तोंड पुसलं आणि शेजारी बसली.

"माझ्या येळंला खोलीला खिडकीच न्हवती गं," ती म्हणाली.

"मग मला का कोंडलंस?"

आईनं बाळाचं दुपटं सारखं केलं. "दुसरं काय करत्यात, ते मला कुनी दावलंच न्हाई."

खालून दादा दारासाठी हाका मारत होता. आम्ही दोघीही उठलो नाही.